चेतापेशीचा सांगाडा पहिल्यांदा रंगवताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली माझी पहिली स्लाइड ठेवली तेव्हा ॲक्सॉन दिसलेच नाहीत. दिसल्या त्या हिरव्या मण्यांच्या तुटक्या माळा. अँटिबॉडी (हव्या त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रथिन) खराब असेल असं वाटून मी ती बदलली, मग तिचं प्रमाण बदललं, मग सेकंडरी, म्हणजे तिला धरणारी रंगीत दुसरी अँटिबॉडी, बदलली. तीन आठवडे असेच गेले. एके दिवशी पेशी धुवायला पीबीएसची (क्षारांच्या बफरची) बाटली फ्रिजमधून काढली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची सीनियर म्हणाली, "अगं, थंडच ओतणार आहेस? ट्युब्यूल सुटतील ना सगळे." सूक्ष्मनलिका (मायक्रोट्युब्यूल) थंडीत विस्कळीत होतात हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. हातात बाटली असताना मात्र आठवलं नव्हतं.

तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. लॅबमध्ये नुकतेच आला असाल आणि "न्यूरॉनचा सांगाडा रंगवून दाखवा" एवढंच सांगून कोणी निघून गेलं असेल, तर या क्रमाने जा. पुस्तकी मराठीत अक्षतंतू (संदेश पुढे नेणारी लांब फांदी) आणि वृक्षिका (संदेश घेणाऱ्या आखूड फांद्या) हे छान शब्द आहेत, पण कामाच्या टेबलावर सगळे ॲक्सॉन आणि डेंड्राइटच म्हणतात. इथेही तेच वापरते.

१. रंगवण्याआधी तीन धागे ओळखून घ्या

चेतापेशीला आकार देणारे प्रथिनांचे धागे तीन जातींचे असतात. सर्वांत जाड सूक्ष्मनलिका. त्या ट्युब्युलिनच्या, पोकळ, साधारण 25 नॅनोमीटर जाड आणि बहुतेक वेळा 13 पदरांच्या असतात. सर्वांत बारीक ॲक्टिन, 7 नॅनोमीटरच्या आसपास. या दोहोंच्या मधला न्यूरोफिलामेंट, 10 नॅनोमीटरचा.

मी नव्या मुलांना एक ढोबळ सूत्र सांगते: लांबी नलिकांची, टोक ॲक्टिनचं, घेर न्यूरोफिलामेंटचा. सूक्ष्मनलिका ॲक्सॉनला लांब ठेवतात आणि मालाच्या वाहतुकीचे रूळही त्याच असतात. वाढत्या टोकाचा पंजा, म्हणजे ग्रोथ कोन, ॲक्टिनच्या जोरावर चाचपडत पुढे सरकतो. ॲक्सॉनची जाडी किती होणार, हे मात्र बव्हंशी न्यूरोफिलामेंटच्या हातात असतं.

न्यूरोफिलामेंटपाशी थोडं थांबा, कारण नवखे सर्वांत जास्त इथेच चुकतात. हा एकाच प्रथिनाचा धागा नाही. एनएफ-एल, एनएफ-एम आणि एनएफ-एच, म्हणजे हलकी, मध्यम आणि जड साखळी, एकत्र वळून तो बनतो. मेंदू आणि मज्जारज्जूत त्यांच्या जोडीला अल्फा-इंटरनेक्सिन असतं, तर बाहेरच्या नसांमध्ये पेरिफेरिन. मध्यम आणि जड साखळ्यांची लांब शेपटं धाग्याच्या अंगातून चहूबाजूंना बाहेर आलेली असतात, बाटली धुण्याच्या ब्रशचे केस असतात तशी. त्या शेपटांवर लायसिन-सेरीन-प्रोलीन हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. माणसाच्या जड साखळीत तो चाळिसाहून जास्त वेळा येतो. त्यातल्या सेरीनवर फॉस्फेट चढतात. फॉस्फेट चढलेलं शेपूट आणि न चढलेलं शेपूट यांना वेगवेगळ्या अँटिबॉडी ओळखतात. पायरी ६ मधला गोंधळ इथूनच सुरू होतो.

आणखी एक फरक लक्षात असू द्या. सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिन यांना दिशा असते, त्यांची दोन टोकं वेगळी असतात. न्यूरोफिलामेंटला दिशा नसते. त्यामुळे पेशीत माल वाहणारी मोटर प्रथिनं त्याच्यावरून चालत नाहीत; उलट त्यालाच माल म्हणून नलिकांवरून वाहून नेतात.

२. पेशी कोणत्या घ्यायच्या ते ठरवा

हात बसवायचा असेल तर एसएच-एसवाय5वाय किंवा पीसी12 या वाढत्या पेशींपासून सुरुवात करा. पहिल्या माणसाच्या न्यूरोब्लास्टोमातून आलेल्या आहेत, दुसऱ्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून. पहिलीला रेटिनोइक ॲसिड आणि दुसरीला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर दिला की आठवडाभरात फांद्या फुटतात. स्वस्तात सराव होतो, चुकलं तर पुन्हा वाढवता येतात. पण या फांद्यांना खरा ॲक्सॉन, खरं डेंड्राइट म्हणू नका. तो भेद त्यांच्यात नीट झालेला नसतो.

आकाराचा प्रश्न मनापासून विचारायचा असेल तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे प्राथमिक, म्हणजे थेट प्राण्यातून काढलेले, न्यूरॉन घ्यावे लागतात, सहसा 18 दिवसांच्या उंदराच्या भ्रूणाचे. त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात असायलाच हवी, आणि विच्छेदन कोणाच्या तरी शेजारी बसून शिका. ते वाचून येत नाही.

जवळ असू द्या:

- गोल काचेच्या कव्हरस्लिप, स्वच्छ केलेल्या आणि निर्जंतुक
- पॉली-लायसिन आणि बोरेट बफर
- पॅराफॉर्माल्डिहाइड 4 टक्के, त्यात 4 टक्के साखर (सुक्रोज); आणि पायरी ५ साठी थोडं 8 टक्क्यांचं
- मिथेनॉल, उणे 20 अंशांवर ठेवलेलं
- पीबीएस, ट्रायटन एक्स-100 (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारा साबण), बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), आणि तुमची सेकंडरी ज्या प्राण्यात बनली त्याच प्राण्याचं सीरम
- प्राथमिक अँटिबॉडी: बीटा-3 ट्युब्युलिन (चेतापेशीतल्या नलिकांसाठी), एमएपी2 (डेंड्राइटसाठी), न्यूरोफिलामेंटच्या किमान दोन
- रंगीत फॅलॉइडिन (ॲक्टिनसाठी)
- न सुकणारं किंवा घट्ट होणारं माउंटिंग माध्यम, त्यात फिकेपणा रोखणारं द्रव्य
- वही, ज्यात प्रत्येक बाटलीचा लॉट नंबर लिहाल

३. काच तयार करा

चेतापेशी उघड्या काचेला धरत नाहीत. काचेला पॉली-लायसिनचा हात द्यावा लागतो: 0.1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बोरेट बफरमध्ये, रात्रभर. सापळा पुढे आहे. न चिकटलेलं पॉली-लायसिन पेशींना विषारी असतं, म्हणून सकाळी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा आणि शेवटचं पाणी तासभर तसंच राहू द्या. ही घाई केली की दुसऱ्या दिवशी पेशी गोळा होऊन तरंगताना दिसतात आणि दोष विच्छेदनावर जातो.

४. कोणत्या दिवशी थांबायचं ते आधी ठरवा

1988 मध्ये डॉटी, सुलिव्हन आणि बँकर यांनी हिप्पोकॅम्पसच्या न्यूरॉनची वाढ पाच टप्प्यांत मांडली. आजही सगळे तीच भाषा बोलतात. पहिल्या टप्प्यात पेशीभोवती नुसती पातळ झालर असते. दुसऱ्यात, काही तासांत, सारख्या लांबीच्या चार-पाच फांद्या फुटतात. तिसऱ्यात, साधारण दीड दिवसाला, त्यांतली एक अचानक पुढे धावते आणि ॲक्सॉन होते. चौथ्या दिवसाच्या सुमारास उरलेल्यांची डेंड्राइट होऊ लागतात. आठवड्यानंतर डेंड्राइटवर काटे आणि सिनॅप्स (दोन चेतापेशींमधले सांधे) येतात.

मला हा तिसरा टप्पा कधीच जुना वाटला नाही. सगळ्या फांद्या सारख्याच दिसत असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या एकीने ठरवलेलं असतं. शक्य असेल तर रंग लावण्याआधी साध्या फेज कॉन्ट्रास्टखाली (रंगाशिवाय जिवंत पेशी दाखवणारा मायक्रोस्कोप) रोज दहा मिनिटं त्याच पेशी बघा आणि चित्र काढा. नंतर रंगीत फोटो वाचताना ही दहा मिनिटं फार उपयोगी पडतात.

कोणता धागा बघायचा त्यावरून दिवस ठरतो. ग्रोथ कोन बघायचे तर दुसरा-तिसरा दिवस. जड साखळी बघायची तर दोन-तीन आठवडे थांबा. विकासात अल्फा-इंटरनेक्सिन आधी येतं, मग हलकी आणि मध्यम साखळी, आणि जड साखळी सर्वांत शेवटी. तीन दिवसांच्या पेशींवर एनएफ-एच लावून "काहीच दिसत नाही" म्हणणारे मी बरेच पाहिले. तिथे दिसण्यासारखं फारसं काही असतच नाही.

५. फिक्स करणं: सगळं इथे ठरतं

फिक्स करणं म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत थिजवणं. पेशी मारण्याचे हे काही सेकंद म्हणजे या कामाचा गाभा. नंतर कितीही चांगली अँटिबॉडी आणा, इथे मोडलेला धागा परत येत नाही.

पॅराफॉर्माल्डिहाइड वापरत असाल तर ते 37 अंशांना गरम करून घ्या. आधी पीबीएसने धुवायचा मोह टाळा. तबकडीत जेवढं माध्यम आहे तेवढंच दुप्पट तीव्रतेचं, म्हणजे 8 टक्क्यांचं, कोमट फिक्सेटिव्ह कडेने हळूच सोडा. पेशींच्या डोक्यावर थेंब सोडू नका. दोन मिनिटांनी सगळं काढून 4 टक्क्यांचं घाला आणि 10 ते 15 मिनिटं ठेवा. साखर कशाला? बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी यांचा तोल बिघडला की ॲक्सॉन जागोजागी फुगतो. माझ्या माळेतल्या मण्यांमागे थंडी होती, पण तसेच मणी पातळ बफरनेही होतात आणि पेशी आजारी असली तरी होतात. म्हणून मणी दिसले की लगेच "ऱ्हास" असं लिहून टाकू नका. फिक्स करण्याआधी, जिवंत असताना, त्याच पेशी फेजखाली गुळगुळीत होत्या का, ते आठवा. चित्र काढलं असेल तर कळेल.

दुसरी वाट मिथेनॉलची. उणे 20 अंशांवरचं मिथेनॉल, 5 ते 10 मिनिटं. इथे प्रत्येक नवखा अडतो: थंडीने नलिका मोडतात म्हणता, मग हे एवढं थंड कसं चालतं? चालतं, कारण मिथेनॉल पाणी ओढून प्रथिनांना जागच्या जागी इतक्या झटपट थिजवतं की सुटायला वेळच मिळत नाही. अट एकच. कव्हरस्लिप कोमट माध्यमातून थेट मिथेनॉलमध्ये गेली पाहिजे, मध्ये बर्फ नको, फ्रिज नको. मिथेनॉलने नलिका आणि न्यूरोफिलामेंट फार स्वच्छ उठून दिसतात, कारण मोकळं विरघळलेलं प्रथिन बरंचसं निघून जातं. पण दोन गोष्टी गमावता. फॅलॉइडिन त्यानंतर चिकटत नाही, म्हणजे ॲक्टिन गेलं. आणि पेशी आक्रसते, म्हणून अशा स्लाइडवर जाडी मोजायची नाही.

तिन्ही धागे एकाच पेशीत हवेत तर पॅराफॉर्माल्डिहाइडच घ्या. त्याने ट्युब्युलिन थोडं धुरकट दिसेल, ते स्वीकारा.

पॅराफॉर्माल्डिहाइड फ्यूम हुडखालीच हाताळा, आणि दोन्हींचा कचरा वेगळ्या बाटलीत गोळा करा. सिंकमध्ये नाही.

६. अँटिबॉडी निवडताना लागणाऱ्या ठेचा

पॅराफॉर्माल्डिहाइडनंतर ट्रायटन 0.1 ते 0.3 टक्के, पाच-दहा मिनिटं. मिथेनॉलनंतर त्याची गरज नसते. मग सीरम किंवा बीएसएमध्ये तासभर, प्राथमिक अँटिबॉडी रात्रभर 4 अंशांवर (आता थंडी चालते, पेशी फिक्स झालेली आहे), दुसऱ्या दिवशी धुऊन सेकंडरी तासभर अंधारात.

हा भाग कोणीही शिकवतं. ठेचा लागतात त्या इथे.

एसएमआय-31 ही अँटिबॉडी फॉस्फेट चढलेल्या न्यूरोफिलामेंटला धरते, एसएमआय-32 न चढलेल्याला. निरोगी, पिकलेल्या न्यूरॉनमध्ये पहिली मुख्यतः ॲक्सॉन उजळवते आणि दुसरी पेशीकाय (केंद्रक असलेला पेशीचा मुख्य भाग) व डेंड्राइट. एसएमआय-32 लावून ॲक्सॉन रिकामा दिसला तर "ॲक्सॉनमध्ये न्यूरोफिलामेंट नाहीत" हा निष्कर्ष काढू नका. धागे तिथे खच्चून भरलेले असतात, फक्त त्यांच्यावर फॉस्फेटचा थर असतो. म्हणूनच मी नेहमी फॉस्फेटवर अवलंबून नसलेली तिसरी अँटिबॉडी, बहुधा हलक्या साखळीची, सोबत ठेवते.

एसएमआय-31 आणि एसएमआय-32 दोन्ही उंदरात बनवलेल्या. एकाच काचेवर दोन्ही लावल्या तर साधी उंदीरविरोधी सेकंडरी दोघींना एकाच रंगात रंगवते. दोन कव्हरस्लिप घ्या, किंवा एक अँटिबॉडी कोंबडीत वा सशात बनलेली निवडा.

ताऊ आणि एमएपी2 ही नलिकांना चिकटणारी प्रथिनं. ताऊ ॲक्सॉनचं आणि एमएपी2 डेंड्राइटचं, हे पाठ केलेलं वाक्य कोवळ्या पेशीत खरं ठरत नाही. सुरुवातीला दोन्ही सगळीकडे असतात आणि वाटणी हळूहळू होते.

फॅलॉइडिन ही अँटिबॉडी नाही. ते एका विषारी अळंबीतून मिळणारं छोटं रेणू आहे आणि ते फक्त धाग्यात गुंफलेल्या ॲक्टिनला धरतं. हातमोजे घाला. त्याची चमक लवकर ओसरते, तेव्हा फोटो त्याच आठवड्यात काढा.

वेस्टर्न ब्लॉटही (जेलवर प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं) करणार असाल तर आधीच सांगून ठेवते: जड साखळीचं खरं वजन 110 किलोडाल्टनच्या आसपास आहे, पण जेलवर ती 200 च्या जवळ दिसते. लांब आम्लधर्मी शेपूट आणि फॉस्फेट यांमुळे ती रेंगाळते. जेल चुकलेलं नसतं.

आणि प्रत्येक वेळी एक काच प्राथमिक अँटिबॉडीशिवाय. एक काच वाया जाते असं वाटतं, तरी करा.

७. मायक्रोस्कोपपाशी काय शोधायचं

सर्वांत कमी भिंगाने सुरुवात करून विरळ जागा शोधा. गर्दीत कोणाची फांदी कोणाची ते कळत नाही. मग एक एकटी पेशी निवडा आणि पेशीकायापासून ॲक्सॉनच्या टोकापर्यंत हळूहळू सरका.

टोकाशी पोचलात की थांबा. ग्रोथ कोन उघडलेल्या पंजासारखा दिसतो: कडेने ॲक्टिनची बोटं, त्यांच्यामध्ये ॲक्टिनचाच पातळ पडदा, आणि मधोमध मनगटातून आल्यासारखा सूक्ष्मनलिकांचा झुपका. एखादी नलिका चुकार धागा निसटावा तशी एका बोटात शिरलेली दिसते. ॲक्सॉन वळणार असतो तो बहुधा त्याच बाजूला. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालने हा शंकू 1890 मध्ये ओळखला, मेलेल्या ऊतीच्या तुकड्यात, आणि तो जिवंतपणी पुढे ढकलत जात असणार हे तेव्हाच ताडलं. पुढे 1903 मध्ये त्याने चांदीच्या क्षाराची जी रीत बसवली, तिच्यात चांदी चिकटत होती ती मुख्यतः न्यूरोफिलामेंटला. म्हणजे आज तुम्ही रंगवताय तोच धागा.

एक मर्यादा मनात पक्की करा. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. 10 नॅनोमीटरचा धागा तुम्हाला 200 च्या वरच्या रुंदीचा दिसेल, आणि शेजारचे वीस धागे मिळून एकच रेघ होईल. "एक न्यूरोफिलामेंट दिसला" असं अहवालात लिहू नका. ॲक्सॉनच्या पडद्याखाली ॲक्टिनची कडी दर 190 नॅनोमीटरवर एकेक अशी पिंपाच्या पट्ट्यांसारखी बसलेली असतात. ती 2013 पर्यंत कोणाला दिसली नाहीत, कारण त्यासाठी सुपर-रिझोल्यूशन तंत्र लागलं.

८. धागा मोडून बघा

कोण काय काम करतं हे खात्रीने कळतं ते एकेक धागा काढून घेतल्यावर. नोकोडॅझोल नलिका सुट्या करतं, लॅट्रंक्युलिन आणि सायटोकॅलॅसिन ॲक्टिन मोडतात, टॅक्सॉल नलिकांना घट्ट करतं. न्यूरोफिलामेंट मोडणारं असं सोपं औषध नाही, तिथे जनुकाचाच मार्ग धरावा लागतो.

टॅक्सॉलचा प्रयोग जरूर करा. जास्त मात्रेत ते वाढ थांबवतं. पण दुसऱ्या टप्प्यातल्या पेशींना काही नॅनोमोलर इतकंच दिलं तर एकाऐवजी अनेक ॲक्सॉन फुटतात. ॲक्टिन सैल करूनही तसंच होतं. म्हणजे प्रत्येक फांदीत ॲक्सॉन होण्याची ताकद असते. कुठल्या फांदीच्या टोकाचं ॲक्टिन आधी सैल पडतं आणि कुठे नलिका आधी स्थिरावतात, यावर निवड होते.

ही औषधं डीएमएसओत विरघळवतात. तेवढंच डीएमएसओ घातलेली एक काच कंट्रोल म्हणून ठेवा. ही सगळी पेशीविषं आहेत, हातमोज्यांबाबत हयगय नको.

९. जाडी मोजण्याआधी हे वाचा

लांबी मोजणं सोपं आहे. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातल्या एसएनटी किंवा न्यूरॉनजे या जोडण्यांनी फांद्या आखा. कोणती काच कोणत्या उपचाराची हे झाकून मोजा.

जाडीची गोष्ट वेगळी. तबकडीतल्या ॲक्सॉनभोवती मायलिन (ॲक्सॉनवरचं स्निग्ध वेष्टण) नसतं आणि ॲक्सॉनचा घेर खऱ्या अर्थाने वाढतो तो मायलिनच्या संगतीत. ट्रेंबलर नावाच्या उंदरांत मायलिन नीट बनत नाही. त्यांच्या नसेचा तुकडा निरोगी उंदराच्या नसेत जोडला, तर निरोगी ॲक्सॉन त्या तुकड्यातून जाताना बारीक होतो आणि बाहेर पडला की पुन्हा जाड. 1992 मध्ये हे दाखवताना असंही दिसलं की बारीक भागात न्यूरोफिलामेंटवरचे फॉस्फेट कमी होते आणि धागे एकमेकांना खेटून होते. एकाच ॲक्सॉनचा घेर जागोजागी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बदलतो. मला या विषयात ओढलं ते याच प्रयोगाने.

आणि हे धागे नसतीलच तर? जपानी बटेरांच्या एका वाणात हलक्या साखळीचं जनुक मध्येच तुटलेलं आहे, त्यामुळे न्यूरोफिलामेंट बनतच नाहीत. पक्षी जगतो, ॲक्सॉन योग्य जागी पोचतात, पण ते बारीक राहतात. संदेश सावकाश जातात आणि पक्षी सतत थरथरतो. हलकी साखळी काढलेल्या उंदरांतही ॲक्सॉन बारीकच.

थोडक्यात, घेर मोजायचा तर खऱ्या नसेचा आडवा काप घ्या, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. वयही नोंदवा, कारण न्यूरोफिलामेंट पेशीकायात बनतात आणि तिथून दिवसाला सरासरी 0.2 ते 1 मिलिमीटर सरकतात. 2000 साली जिवंत पेशीत पाहिलं तेव्हा कळलं की ते धावतात चांगले, पण बहुतेक वेळ थांबून राहतात. माणसाच्या कंबरेपासून पायापर्यंतच्या मीटरभर ॲक्सॉनमध्ये दिवसाला मिलिमीटर या वेगाने निघालेला धागा पावलापर्यंत पोचायला पावणेतीन वर्षं घेईल.

१०. काहीतरी बिघडलं तर

सगळं काळं: सेकंडरी योग्य प्राण्याविरुद्धची आहे का ते बघा. मग पेशींचं वय आणि कोणती साखळी, पायरी ४ बघा.

पेशीकाय उजळ, ॲक्सॉन रिकामा: फॉस्फेटचा प्रश्न, पायरी ६.

ॲक्टिन नाही, बाकी सुंदर: मिथेनॉल वापरलंत.

मण्यांच्या माळा: अँटिबॉडीला हात लावू नका. फिक्सेटिव्हचं तापमान थर्मामीटरने मोजा, साखर घातली होती का ते वहीत बघा.

केंद्रकासकट सगळंच चमकतंय: प्राथमिक अँटिबॉडीशिवायची काच काढा. तीही तशीच चमकत असेल तर दोष सेकंडरीचा किंवा कमी धुण्याचा. ती काच केलीच नसेल तर ही बॅच मोजणीत धरू नका, पुन्हा करा.